नऊ बटनं

१५ मार्च, शनि. घरी

चाळणी तीनदा धुतली तरी आईचं तेच. राखेनं घासली, उन्हात पालथी ठेवली, तरी तेच. "लोखंड गेला तिच्यातून. आता नागलीचा पीठ कशात चाळू, तुझ्या डोक्यात?" म्हटलं नवी आणतो. तर म्हणे, "चाळणी आणशील नवी. घरात जो आणलास तो कोण बाहेर नेल?"

म्हणजे झालं सुरू. मी काहीही आणलं की त्यात काहीतरी असतंच. पत्रे आणले तेव्हा पण होतं, मोबाईल आणला तेव्हा पण होतं. मग मी पण बोललो, दर सणाला बोलतो ते. बहिणीचं पोट दुखत होतं तेव्हा तू भगताकडे तांदूळ घेऊन बसलीस, तू मला शिकवू नको. सोनीचं नाव काढलं की आई गप्पच होते. बहीण जाऊन तेरा वर्षं झाली, आई एकदा पण उलटून बोलली नाही. त्यानं मला जास्त राग येतो.

दादा-वहिनी होळी करून आज भट्टीवर परत गेले. पाऊस लागेपर्यंत विटा. पोरी आईपाशी. काजल पाचवीत आहे, तिला सवय. चिंगी चार वर्षांची, टेम्पो गेला तरी धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यावर उभी. म्हणून तर सुरतेहून आणलेली पिशवी काढली.

गम कंपनीतला, अर्धी बाटली. लोखंडाचा भुगा शेजारच्या ग्राइंडिंगवाल्याकडचा. टाकणखार इथल्या वाण्याकडून. आणि मूठभर बटनं. काजलला सांगितलं, आम्ही सुरतेत साडीची खोकी बनवतो ना, झाकण टप करून बसतं ते याच्यामुळं. लोहचुंबक असतं आत, आम्ही बटन म्हणतो. "चोरलीत?" म्हणते. म्हटलं गप, पडलेली होती. सगळीच काही पडलेली नव्हती.

कंपनीतल्या यादवच्या मोबाईलवर बघितलं होतं. काळा चिकट गोळा, चुंबक दाखवलं की चालतो. भुगा जाडा होता म्हणून चाळला, म्हणून हे चाळणीचं रामायण. पहिल्यांदा टाकणखाराचं पाणी एकदम ओतलं, रबर झालं, तुटायला लागलं. काजल म्हणते, "काका, भाकरीच्या पिठात पाणी एकदम घालतात का?" दुसऱ्यांदा तिनंच केलं. चमचा चमचा. मी भुगा टाकत गेलो, ती मळत गेली. नागलीच्या उंड्यासारखा झाला, फक्त काळा आणि गार. कोपरापर्यंत हात काळे.

बटन जवळ नेलं. आधी काही नाही. मग त्या गोळ्यातून एक बोट निघालं आणि पुढं आलं.

काजल ओरडली. चिंगी नाही ओरडली. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, ये.

१६ मार्च, रवि. घरी

दिवसभर तोच खेळ. बटन गोळ्यापाशी ठेवायचं आणि बघत बसायचं. गोळा हळू हळू येतो, बटनावर चढतो, चारी बाजूंनी घेतो, बटन दिसेनासं होतं. खाल्लं म्हणतात पोरी. मग बोटं घालून काढायचं. शेजारची पोरं पण आली. मला पण जावंसं वाटेना, आणि मला तर कुठं दोन दिवस बसवत नाही. सहा वर्षांत पाच कामं सोडली.

संध्याकाळी चुलीपाशी आई भाकरी थापत होती. चिंगी ताटात गोळा घेऊन बसली. तिच्या मुठीत बटन होतं, आईला काय माहीत. गोळा तिच्या मुठीकडं निघाला. आईनं बघितलं. भाकरी हातात तशीच.

"काय आहा तो?"

चिंगी म्हणाली, "सोनी."

तव्यावरची भाकरी करपली.

नंतर काजलनं मला बाहेर नेऊन सांगितलं, काका, आजी चिंगीला रोज सोनीच म्हणते, लाडात आली की. तेच नाव गोळ्याला ठेवलं तिनं, दुसरं काय. तसंच असणार. आई चिंगीला सोनीच समजते. जन्मली तेव्हा कानामागं सोनीसारखाच तीळ बघून म्हणाली, आली परत माझी. दादा हसला, वहिनी पण काही बोलली नाही. मलाच तेव्हा घरात बसवेना, मी सुरतेला गेलो. कुणाला सांगितलं नाही का गेलो ते.

तीळ मी पण बघितलाय.

१७ मार्च, सोम. एस.टी.त

सकाळी निघालो. बटनं गोळा केली, काडेपेटीत भरली. न्यायलाच पाहिजेत, सेठ बटनांचं तबक वजन करून घेतो. गोळा काजलला दिला. म्हटलं आता बटनाशिवाय खेळा. काय खेळणार.

चिंगी झोपलेली होती. बरं झालं.

आई जीपपर्यंत आली. माझ्या डब्यात भाकऱ्या. कुठल्या चाळणीच्या विचारायचं होतं, नाही विचारलं. ती पण चालताना काही म्हणाली नाही. जीप हलली तेव्हा म्हणाली, "परत असला काय आणू नको." मी वळून पण बघितलं नाही. आता वाटतं बघायला पाहिजे होतं.

१८ मार्च, मंगळ. सुरत

काडेपेटी उघडली. सहा.

मला वाटतं आठ होती. दोन घरी राहिली असतील. सहा खिशातच राहिली तरी तबक वजनात बसलं, सेठला कळलं नाही. सुटलो.

आज अकराशे झाकणं. बटन, गम, कागद, दाब. बटन, गम, कागद, दाब.

१९ मार्च, बुध.

जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला. घरात रेंज नाही, काजल पाण्याच्या टाकीपाशी येते. म्हटलं दोन बटनं राहिली काय बघ. म्हणाली एक सापडलं, आजीच्या कोयत्याला चिकटलेलं. आजी कोयता घेऊन गेली फाट्या तोडायला, तिथं तिनं बघितलं, तिथंच टाकायला निघाली, मी मागून घेतलं.

दुसरं?

दुसरं नाही. आणि मग म्हणते, "काका, दुसरं एकच नाही, अजून दोन पाहिजेत. नऊ होती. खाटेवर मोजली होती मी."

मी आठ म्हणतो, ती नऊ म्हणते. मी सहावीतून पळालेला, ती पाचवीत पहिली. नऊच असतील.

म्हटलं गोळ्यात बघ. गोळ्यानं खाल्ली असतील, फोडून बघ.

"गोळा नाही. आजीनं पुरला."

तू गेलास त्या दिवशीच, म्हणाली. सुपात घेतला, वर फडकं घातलं. शिवेवर गेली, सोनीआत्याला ठेवलंय तिथं. बाजूला खड्डा केला. कुंकू लावलं. वर दगड ठेवला. "आणि आजी रडली काका. गोळ्यासाठी कोण रडतं?"

मी फो. ठेवला. सुट्टी संपली होती म्हणून नाही.

२० मार्च, गुरू.

चिंगीचं पोट दुखतंय. काल संध्याकाळपासून. दुखतं, थांबतं, खेळते, परत दुखतं. एकदा ओकली. आई म्हणते त्या काळ्या गोळ्याची नजर. ओवाळून टाकलं.

काजलला विचारलं, चिंगीनं बटन तोंडात घातलेलं बघितलंस का. म्हणाली, गोळ्यातून बटन निघत नव्हतं तेव्हा दातानं काढत होती. मी ओरडले. मग बघितलं नाही.

चिंगीला फो. द्यायला लावला. चिंगे, बटन खाल्लंस? "हो." किती? "दोन." मग काजल मागून म्हणाली, काका, ती सगळ्याला दोनच म्हणते. विचारलं, चिंगे, भाकऱ्या किती खाल्ल्या? "दोन." तुला काका किती? "दोन."

एकच आहे मी.

कामावर बसलो आणि अंगठा आणि बोट यांच्यामधल्या कातडीच्या एका बाजूला एक बटन धरलं, दुसऱ्या बाजूला दुसरं. सोडलं. पडलं नाही. कातडी मध्ये घेऊन दोन्ही एकमेकांना धरून बसली. हात झटकला तरी नाही. कातडी पांढरी झाली, मग दुखायला लागलं. यादव म्हणतो, "अरे, गाँव से पागल होके आया क्या?" नखानं ओढून काढली. डाग अजून आहे.

झाकणात टप वाजलं की दचकतो. आज सातशेच झाली.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं लिहिणार. सोनीचं पोट दुखत होतं तेव्हा आईनं मला रस्त्यावर पाठवलं होतं. जीप आली की हात कर, म्हणावं थांब, पोरगी आणतोय. मी अकरा वर्षांचा. बाजूला करवंदीची जाळी, काळीभोर झालेली. मी आत शिरलो. जीप वळणावर दिसली. दोन्ही मुठी भरलेल्या. हात वर करायचा तर करवंदं पडतील. वाटलं येईल मागची.

मागची आली नाही. मी घरी जाऊन सांगितलं, जीपच आली नाही. आई मग तांदूळ घेऊन भगताकडं गेली. दुसरं काय करणार होती.

तेरा वर्षं मी तिला भगतावरून बोलतोय.

२१ मार्च, शुक्र.

औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार आधी हसला. मग दोन बटनं काउंटरवर ठेवली, ती टप करून चिकटली, तेव्हा हसायचा थांबला. म्हणाला एक गेलं असेल तर बहुतेक पडून जातं. दोन गेली आणि मागंपुढं गेली तर आतडं मध्ये धरून चिकटतात, भोक पाडतात. वरून काही दिसत नाही, पोरगं खेळतं पण. पोटाचा फोटो काढा आणि आजच काढा. त्यात असतील तर कापायच्या दवाखान्यात न्या. पोट साफ व्हायचं औषध घरी देऊ नका.

आईला फो. वर घेतलं. सांगितलं जव्हारला ने, पोटाचा फोटो काढतात. आई म्हणाली, "आता खेळतीय. उगा कशाला पोयरीला यंत्राखाली घालतोस?" म्हटलं मग शिवेवरचं उकर. दोन्ही बटनं त्यात निघाली तर दवाखान्याचं नाव काढणार नाही. तर म्हणे शिवेला ठेवलेला परत उकरीत नाय. सगळ्या पाड्याच्या अंगावर येतं. "आणि तिला मी एकदा पुरली, दोनदा पुरली. आता काढ म्हणतोस?"

आई, तो गम आहे. गम आणि लोखंड. मी बनवलाय.

"तू बनवलास ना. मग नाव तिना का सांगितला?"

काजलला फो. दे म्हटलं.

दुपारी काजलनं डोकं चालवलं. कोयत्यावरचं बटन दोऱ्याला बांधून शिवेवर गेली. दगड थोडा सरकवला आणि खड्ड्यावर दोरा धरला. तिथून फो. लागत नाही, टाकीपाशी पळत आली. "ओढलं काका! आत आहेत!" मला पण एक मिनिट बरं वाटलं. मग डोक्यात आलं, अगं तो गोळाच लोखंडाचा. आत बटनं असली तरी ओढणार, नसली तरी ओढणार. काजल म्हणाली, "हाताने उकरू का? आजीला न सांगता?"

हो म्हणणार होतो. पाचवीतल्या पोरीला. उद्या काही झालं तर पाडा तिला बोलेल, जन्मभर. रस्त्यावर उभं करून ठेवलेल्या पोराचं काय होतं ते मला माहीत आहे.

म्हटलं नको. आजीला उद्या सकाळी टाकीपाशी आण. कशीही.

मी निघालो तर? सुरतेहून वापी, तिथून जव्हार, पुढं जीप. पोचायला उद्याची संध्याकाळ. जीप घरून दोन तासांत दवाखान्यात असते.

२२ मार्च, शनि.

कामावर गेलो नाही. गेटबाहेर उभं राहून फो. लावला. सकाळचे आठ. आई टाकीपाशी आलेली, काठी आपटत चढली असणार, दम लागलेला. म्हणाली पोयरी परत ओकली. आवाजात कालचं काही नव्हतं.

मी सरळ बोललो. आई, सोनीच्या वेळी जीप आली होती. मी जाळीत होतो, करवंदं खात. हात केला नाही. तुला खोटं सांगितलं.

तिकडून नुसता वारा. वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं.

"आहा, आहा. इथंच आहा." मग म्हणाली, "मना ठाऊक आहा तो."

कधीपासून?

"सोनीचा दिवस केला त्याच्या पुढल्या बाजारी. जीपवाला भेटला. म्हणला तुझा पोर जाळीत उभा होता, हात करीत नव्हता, मी निघून गेलो. लय रडला जीपवाला."

मग बोलली का नाहीस मला? मी तुला इतकी वर्षं—

"अकरा वरसांचा पोर. त्याच्या डोक्यावर कशाला ठेवू? मी मोठी व्हते. माझ्यावर ऱ्हायला तर काय झाला."

गेटवरचा वॉचमन बघत होता. मी भिंतीकडं तोंड केलं.

आईच मग म्हणाली, "जीप सांग. दारात यायला सांग. रस्त्यावर कोण उभा नाय राहायचा." मी म्हटलं सांगतो. आता सांगतो.

"आणि शिवेवरचा काय तो लहानू भगत बघेल. मी उकरायची नाय, काजल पण नाय. त्याला सकाळीच विचारला मी. तो म्हणतो आधी पोयरीला दवाखान्यात ने, तुझ्या शिवेला कुठं पाय फुटलं. मग मी काढतो, बघतो आणि परत ठेवतो. पण शिवेला कोंबडा लागंल. फुकट नाय हात घालीत तो."

सोनीच्या वेळी भगताला दवाखाना का नाही सुचला, म्हणालो असतो एरवी. मी आयुष्यात भगताला पैसा देणार नाही म्हणून शपथ घेतली होती, सोनीच्या खड्ड्यावरच घेतली होती. आईला पण माहीत आहे. ती थांबली होती, मी काय म्हणतो बघायला.

विचारलं, कोंबडं केवढ्याला झालं आता?

"गावठी आहा तर चारशे."

बरं म्हटलं.

ठेवायच्या आधी आईनं चिंगीला कडेवर घेऊन फो. तिच्या कानाला लावला. म्हटलं चिंगे, जीपमध्ये बसणार? "हो." डॉक्टर फोटो काढणार, रडायचं नाही. "हो." मग तिनंच विचारलं, "काका, सोनी कुठं गेली?"

मी म्हटलं, येईल.

कशाला म्हटलं असं.

अकरा वाजता. जीपवाल्याचा फो., पोरगी आणि आई बसली, निघालो. काजल थांबली, भगताबरोबर शिवेवर गेली. तिला बजावलंय, तो गोळा फोडेल तेव्हा बाजूला उभी राहा, हात लावू नको, नुसती मोज. कोयत्यावरचं धरून सात आहेत. तिकडून दोन निघाली तर दोन. एक निघालं तर एक. काही नाही निघालं तर तू मला काही सांगू नको, आधी जीपवाल्याला सांग. दोन्हीकडून फो. यायचे आहेत. आधी कुठला येईल माहीत नाही.

सेठकडून उचल घेतली. म्हणाला पंधरा दिवस झालेत का येऊन? नाही झाले. तरी दिली. उरलेली सहा बटनं त्याच्या तबकात टाकली, बघता बघता एकमेकांना चिकटली.

यादवच्या खात्यावरून जीपवाल्याच्या नंबरला टाकले. जीप, आणि जव्हारहून पुढं नाशिकला न्या म्हणाले तर तिथवर, पंधराशे. फोटो, औषध, दोघींचा चहा, सातशे. कोंबडं चारशे.

पाठवले २६००.